हिंगाची डबी आणि समुद्रातला पाइप
(स्नेहमेळाव्यातील भाषण)



आयोजकांनी मला दहा मिनिटे दिली आहेत आणि "तू नक्की काय करतोस ते एकदाचे सांग" असे बजावले आहे. आमच्या आईपासून सगळ्यांचा समज एकच, की हा परदेशात समुद्रातून तेल काढतो. मी तेल काढत नाही. तेल आणि वायू वर आणणाऱ्या लवचिक पाइपांना गंज कसा लागतो, ते बघतो. माझे पोट गंजावर भरते म्हणा ना.

तरंगते जहाज लाटांवर सारखे हलते, त्यामुळे तळापासून वर येणारा पाइप वाकणारा लागतो. तो एकजीव नसतो. सगळ्यात आत स्टेनलेस स्टीलच्या पट्टीची गुंफण, तिच्यावर प्लास्टिकचे अस्तर, बहुधा नायलॉनचे. मग दाब पेलणारी पोलादी वेटोळी, त्यावर ओढ पेलणाऱ्या चपट्या पोलादी तारांचे उलटसुलट थर आणि सगळ्यांवर पुन्हा प्लास्टिकची खोळ. म्हणजे पोलाद दोन प्लास्टिकांच्या मध्ये बंद. बाहेरून समुद्र नाही, आतून तेल नाही. मग गंज लागतोच कसा?

इथे मला आपल्या विज्ञानाच्या बाई आठवतात. विसरण शिकवताना त्यांनी पोटॅशियम परमँगनेटचा खडा पाण्यात टाकून दाखवला होता. पण मला आठवते ती हिंगाची डबी. झाकण घट्ट लावलेली, तीही प्लास्टिकच्या पिशवीत, आणि दुसऱ्या दिवशी सगळ्या कपाटाला वास! प्लास्टिकला भोक नसते. तरी रेणू त्यात विरघळतात, त्याच्या साखळ्यांमधून सरकत जातात आणि पलीकडे निघतात. पाइपात तर आतला दाब शेकडो पट आणि तेल गरम. कार्बन डायऑक्साइड, मिथेन, सडक्या अंड्याच्या वासाचा हायड्रोजन सल्फाइड आणि पाण्याची वाफ, सगळे हळूहळू तारांच्या पोकळीत झिरपतात. बाहेर थंडगार समुद्र, म्हणून वाफेचे पाणी होते. पाण्यात कार्बन डायऑक्साइड म्हणजे सोडावॉटर, आणि त्यात बसलेले पोलाद. साठणाऱ्या वायूने बाहेरची खोळ फुटू नये म्हणून पाइपाच्या टोकाला तो सोडून द्यायच्या झडपा असतात.

गंमत अशी की हे सोडावॉटर वाटते तितके वाईट नाही. जागा इतकी अरुंद, की चमचाभर पाण्याला पोतेभर लोखंड. थोडे लोखंड विरघळले की पाणी तृप्त होते, आम्लता उतरते आणि गंजण्याचा वेग वर्षाला मिलीमीटरच्या शंभराव्या भागाच्या आसपास येतो. यावर आम्ही सगळे निर्धास्त होतो. नको तितके. पुढे ब्राझीलच्या खोल समुद्रात, जिथे वायूत कार्बन डायऑक्साइड भरपूर आहे, तिथे ताणाखालच्या तारा गंजून झिजल्या नाहीत, सरळ तडकल्या. २०१७ साली तिथल्या नियामक संस्थेने तसा जाहीर इशारा दिला. झिजेचे गणित तडा सांगत नाही.

पण माझी गोष्ट त्याआधीची, उत्तर समुद्रातली. पोकळीत पाणी शिरले का, हे बघायची एक साधी चाचणी असते. पोकळीतली हवा खेचून घ्यायची आणि मोजून नायट्रोजन सोडायचा. जितका मावेल तितकी जागा रिकामी. मी मोजले तर गणितापेक्षा अर्ध्याहूनही कमी मावला. पुन्हा केले, तेच. पाणी आहे असे लिहिले असते तर विहीर बंद करावी लागली असती, आणि माझी नोकरी नवी. मी लिहिले, "मापक सदोष असण्याची शक्यता, पुढील वर्षी पुन्हा तपासावे."

सर, तुम्हाला ओहमच्या नियमाचा प्रयोग आठवतो? आम्ही आधी रोध ठरवायचो आणि मग त्यावरून तक्त्यात निरीक्षणे भरायचो. तुम्ही माझ्या प्रयोगवहीवर लाल रेघ मारून म्हणाला होता, "इतकी सुंदर निरीक्षणे फक्त घरी बसूनच मिळतात." वर्ग हसला होता. बोटीवर त्या रात्री मला ते वाक्य आठवले, आणि तरीही मी अहवाल बदलला नाही. हे मी आजवर फक्त बायकोला सांगितले आहे.

आठ महिन्यांनी पाण्याखालच्या कॅमेऱ्याला पृष्ठभागाजवळ खोळीत वीतभर चीर दिसली. तिथे लाटांबरोबर ताजे पाणी आणि प्राणवायू आत जात होता, त्यामुळे ते तृप्त पाण्याचे गणित लागूच नव्हते. बाहेरच्या थरातल्या तीन तारा तुटलेल्या होत्या. पाइप वेळेत उतरवला, कुणाला इजा झाली नाही. त्या पाइपाच्या टोकाशी रोज माणसे काम करत होती, त्यांतले दोघे माझ्याबरोबर जेवायला बसायचे. मी वरिष्ठांना जाऊन जुने आकडे दाखवले. ते बराच वेळ काही बोलले नाहीत. मग म्हणाले, "यापुढे आकडा आधी लिही, कारण नंतर."

त्यातल्या एका तारेचा तुकडा मी बरोबर आणला आहे. चार मिलीमीटर जाडीची पट्टी टोकाला पेन्सिलीसारखी निमुळती झाली आहे. तो चहाच्या टेबलावर ठेवतो. सर, आधी तुम्ही बघा.