समतोल तिने एकटीनेच का साधावा?



नाशिक म्हटले की गोदाकाठ, पंचवटी आणि काळाराम मंदिर डोळ्यांसमोर उभे राहते. भारतीय स्त्रीच्या वकिलीचा आरंभही याच नगरीशी जोडलेला आहे, हे मात्र फारसे कोणाला आठवत नाही. कॉर्नेलिया सोराबजी यांचा जन्म १५ नोव्हेंबर १८६६ रोजी नाशिकमध्ये झाला. त्या मुंबई विद्यापीठाच्या पहिल्या महिला पदवीधर. १८९२ मध्ये त्यांनी ऑक्सफर्डची कायद्याची परीक्षा दिली. परंतु तेथे स्त्रियांना पदवी देण्याची प्रथा नव्हती. ती पदवी हाती पडली तीस वर्षांनी, १९२२ मध्ये. स्त्रियांच्या वकिलीवरील बंदी उठवण्यासाठी भारतातही १९२३ चा स्वतंत्र कायदा व्हावा लागला. तोवर सोराबजींची पन्नाशी उलटून गेली होती. ब्रिटिश सत्तेविषयीची त्यांची अनुकूल मते आपल्याला पटणार नाहीत. त्यांनी सोसलेली प्रतीक्षा मात्र नाकारता येणार नाही.

त्या अविवाहित राहिल्या. न्यायालयाचे दार उघडल्यावर पुढचा प्रश्न उभा राहिला: आत आलेल्या स्त्रीला संसार असेल आणि पती राजकारणात असेल, तर काय?

मुंबईच्या व्हायोलेट अल्वा यांचे जीवन हे त्याचे एक उत्तर आहे. १९३७ मध्ये त्यांचा विवाह जोआकिम अल्वा यांच्याशी झाला. पती-पत्नी दोघेही वकील, दोघेही स्वातंत्र्य चळवळीत. १९४३ मध्ये व्हायोलेटबाईंना अटक झाली, तेव्हा तान्ह्या मुलाला कडेवर घेऊन त्या आर्थर रोड कारागृहात गेल्या. पुढच्याच वर्षी त्यांनी उच्च न्यायालयाच्या पूर्णपीठासमोर युक्तिवाद केला. असे करणाऱ्या त्या देशातील पहिल्या महिला वकील मानल्या जातात. १९५२ मध्ये जोआकिम लोकसभेत गेले आणि व्हायोलेटबाई राज्यसभेत. १९६२ मध्ये त्या राज्यसभेच्या उपसभापती झाल्या. त्यांचा उल्लेख केवळ 'अल्वांच्या पत्नी' असा करणे कोणालाही शक्य नव्हते.

पण प्रत्येक घरात असे घडत नाही. सार्वजनिक कार्यकर्त्याचे घर म्हणजे बारा महिने उघडे दार. दौरे, बैठका, वेळी-अवेळी येणारी माणसे. आणीबाणीत नाशिक रोड कारागृहात मिसाखाली किती तरी कार्यकर्ते स्थानबद्ध होते. त्या काळात अनेकांची घरे कोणी सांभाळली, हे आपण जाणतो. त्या त्यागाचा आपण गौरव करतो आणि तो योग्यच आहे. पण गौरव करता करता त्यागाची अपेक्षाच रूढ होऊन बसते, तेव्हा थांबून विचार केला पाहिजे.

सकाळी अशील भेटायला आले आहे, न्यायालयात सुनावणी आहे आणि दिवाणखान्यात पतीचे दहा कार्यकर्ते बसले आहेत. अशा वेळी चहा कोणी करायचा? प्रश्न क्षुल्लक वाटतो. पण समानतेची परीक्षा सभेत होत नाही, ती इथे होते. दुसरी परीक्षा अधिक कठीण असते. 'साहेबांच्या कानावर घाला' म्हणून कोणी वकीलबाईंकडे येतो, किंवा अशिलाचे प्रकरण पतीच्या पक्षाला अडचणीचे ठरते. येथे कायदा स्पष्ट आहे. २०२३ च्या भारतीय साक्ष्य अधिनियमातील कलम १३२ वकील आणि अशील यांच्यातील गोपनीयतेचे रक्षण करते, तर कलम १२८ पती-पत्नींमधील संभाषणाचे. ही दोन विश्वासाची नाती आहेत आणि एकासाठी दुसरे मोडायचे नसते. अशिलाने जे विश्वासाने सांगितले, ते पतीने विचारू नये आणि पत्नीने सांगू नये. असे मौन पाळणाऱ्या घरात दुरावा नसतो, परस्परांच्या कर्तव्याविषयी आदर असतो.

आपल्या परंपरेने पत्नीला सहधर्मचारिणी म्हटले. धर्म म्हणजे कर्तव्य. आणि ते सोबतीने आचरायचे असेल, तर पतीनेही तिच्या कर्तव्याचा सहचर व्हायला हवे. तिने त्याच्या प्रचारासाठी दारोदार फिरावे आणि त्याने तिच्या सुनावणीची तारीखही लक्षात ठेवू नये, याला सहधर्म म्हणता येत नाही.

सप्तपदीतील सातवे पाऊल सख्याचे आहे. ते दोघांनी मिळून टाकायचे असते. उद्या सकाळी आपल्या घरात ते कोण टाकणार आहे, याचा विचार येथून जाताना प्रत्येक कार्यकर्त्याने करावा.