तुरुंगाबाहेरची खोली

चाळीस वर्षं तुरुंगात काढलेला माणूस सुटला, तर त्याची पहिली अडचण कोणती असेल? पैशाची? डोक्यावरच्या छपराची? 'द शॉशँक रिडेम्प्शन' या चित्रपटातल्या रेडला अडचण येते ती लघुशंकेची. किराणा दुकानात गिऱ्हाइकांचं सामान पिशव्यांत भरायचं काम त्याला मिळालेलं असतं. मॅनेजरची परवानगी घेतल्याशिवाय त्याला जाताच येत नाही. दर वेळी विचारायला नको, असं मॅनेजर सांगतो. पण चाळीस वर्षं हुकुमावर चाललेल्या शरीराला ते कसं पटावं?

स्टीफन किंग यांच्या दीर्घकथेवरचा फ्रँक डॅरबाँट यांचा हा चित्रपट १९९४ सालचा. सात ऑस्कर नामांकनं मिळाली, पुरस्कार एकही नाही. थिएटरातही तो फारसा चालला नाही. त्याला मोठं केलं ते व्हिडिओ कॅसेट्सनी आणि टीव्हीनं. मीही तो केबलवरच पाहिला, तोही अर्ध्यातून.

बहुतेक लोक त्याच्याबद्दल बोलतात ते अँडी डुफ्रेनच्या पलायनाबद्दल. बायको आणि तिचा प्रियकर यांच्या खुनाच्या खोट्या आरोपाखाली जन्मठेप झालेला हा बँकेतला अधिकारी छोट्या हातोडीनं भिंत पोखरतो आणि १९६६ साली निसटतो. रोमहर्षक आहे खरं. पण मला वाटतं, गोष्ट अँडीची नाहीच, ती रेडची आहे. अँडी निर्दोष आहे, रेडनं मात्र खरोखरच खून केलेला आहे. शॉशँकमध्ये जो तो स्वतःला निरपराध म्हणवतो. आपण गुन्हेगार आहोत हे रेड मोकळेपणानं सांगतो. असे हे दोन मित्र.

मी आयुष्यभर बँकेत नोकरी केली, त्यामुळे गच्चीवर डांबर टाकायचा प्रसंग मला विशेष जवळचा. पहारेकऱ्यांच्या क्रूर कॅप्टनला भावाकडून पैसे मिळालेले असतात आणि कर भरावा लागणार म्हणून तो चरफडत असतो. अँडी विचारतो, तुमचा बायकोवर विश्वास आहे का? त्यावर कॅप्टन त्याला गच्चीवरून खाली फेकायलाच निघतो! जीव वाचतो तो कायद्याच्या ज्ञानानं: रक्कम बायकोला बक्षीस द्या, कर लागणार नाही. कागदपत्रं तयार करून द्यायची फी अँडी काय मागतो? सोबत्यांना प्रत्येकी तीन बाटल्या बिअर. स्वतः तो एक घोटही घेत नाही, सावलीत बसून इतरांकडे पाहत राहतो. त्या सकाळी कैदी काही वेळ आपल्याच घराच्या गच्चीवर काम करणाऱ्या माणसांसारखे बसतात.

आता ब्रूक्सकडे येऊ. पन्नास वर्षं आत राहिलेला हा म्हातारा तुरुंगाचं वाचनालय सांभाळतो. आत त्याला मान आहे. १९५४ मध्ये सुटकेचा हुकूम येतो, तेव्हा आतच राहता यावं म्हणून तो एका सोबत्याच्या गळ्याला सुरी लावतो. बाहेर त्याला एक खोली मिळते, किराणा दुकानात पिशव्या भरायचं काम मिळतं. लहानपणी एकदाच मोटार पाहिलेला माणूस आता रस्ता ओलांडायला घाबरतो. शेवटी तो तुळईवर आपलं नाव कोरतो आणि तिथेच गळफास घेतो. जेम्स व्हिटमोर यांनी ही भूमिका इतकी हळुवार केली आहे, की तुरुंगातल्या मारहाणीपेक्षा ही काही मिनिटं मला जास्त जड जातात.

पुढे रेड सुटतो तेव्हा त्याला तशीच नोकरी मिळते आणि राहायला तीच खोली. वर तुळईवर ब्रूक्सचं नाव असतंच.

मग रेड का वाचतो? तो ब्रूक्सपेक्षा कणखर म्हणून? मला नाही वाटत. पळण्यापूर्वी अँडीनं त्याच्याकडून एक वचन घेतलेलं असतं. सुटलास तर बक्स्टन गावाजवळच्या एका शेतात जा, तिथे दगडी कुंपण आहे, ओकचं झाड आहे. त्या कुंपणाच्या पायथ्याशी एक काळा काचेसारखा दगड दिसेल, त्याच्याखाली पाहा. बस, एवढंच. ब्रूक्सला बाहेर कुणी काही काम सांगितलेलं नव्हतं. रेड एका दुकानासमोर थांबतो. काचेमागे पिस्तुलं आहेत आणि होकायंत्रही. तो होकायंत्र विकत घेतो.

मॉर्गन फ्रीमन यांचा अभिनय इथे पाहावा. दर दहा वर्षांनी सुटकेच्या मंडळापुढे रेडनं पाठ केलेली उत्तरं दिली, आणि अर्ज फेटाळला गेला. चाळीसाव्या वर्षी तो खरं बोलतो. ज्या पोरानं खून केला, त्याच्याशी बोलावंसं वाटतं, पण तो पोरगा आता उरलेला नाही, अशा अर्थाचं. आवाज जराही चढत नाही.

मूळ पटकथेत चित्रपट बसमध्ये संपत होता. मित्र भेटेल का, हे न कळताच रेड मेक्सिकोच्या दिशेनं निघालेला. निर्मितीसंस्थेच्या आग्रहामुळे समुद्रकिनाऱ्यावरची भेट आली. मला स्वतःला बसमधला शेवट चालला असता. पण डॅरबाँट यांनी कॅमेरा दूर, खूप दूर ठेवला आहे. दोघं काय बोलतात ते आपल्याला ऐकू येत नाही.