शेजार माशांचा



घरात काचेची पेटी आली की माणसं आधी रंग बघतात. दुकानात जायचं आणि ‘हा लाल द्या, तो निळा द्या, ते पट्ट्यापट्ट्यांचे चार द्या’ म्हणून बोटं दाखवायची, कापडाच्या दुकानात दाखवावीत तशी. दुकानदार जाळी बुडवतो, पिशवीत पाणी, पाण्यात मासे, वर हवा, तोंडाला रबर, आणि पिशवी आपल्या हातात. त्या संध्याकाळी पेटीत नुसती दिवाळी असते. चार-आठ दिवसांनी मोजदाद जुळेनाशी होते.

मी कविता लिहितो हे आमच्या सोलापुरातल्या गल्लीत फार थोड्यांना ठाऊक आहे. मासे पाळतो हे मात्र सगळ्यांना ठाऊक आहे. त्यामुळे सकाळी दारात कोणीतरी पोरगा उभा असतोच. ‘चाचा, माझे आठ निऑन होते, आता तीनच आहेत. बाकीचे गेले कुठं?’ पेटीवर झाकण आहे, घरात मांजर नाही, पाण्यात मेलेला मासा नाही. आणि मधोमध एंजल मासा, पंख पसरून, अगदी साधुसंतासारखा स्थिर. पोराचा त्याच्यावर संशयच जात नाही, कारण दुकानदाराने सांगितलेलं असतं की एंजल गरीब असतो.

एंजल गरीबच असतो. पण माशांच्या जगात एक नियम सर्वांवर चालतो: जे तोंडात मावतं ते अन्न. आपल्या जुन्या राजनीतीच्या ग्रंथांनी याला मत्स्यन्याय म्हटलं आहे. निऑन टेट्रा तीन-साडेतीन सेंटिमीटरचा, सुतळीसारखा बारीक. एंजल दुकानात असतो तेव्हा रुपयाच्या नाण्याएवढा असतो, पण वर्षभरात तळहाताएवढा होतो आणि मग निऑन त्याच्या तोंडात बरोबर बसतो. दोघंही ॲमेझॉनच्या खोऱ्यातले, म्हणून पुस्तकं त्यांना एका पानावर छापतात. पण एका गावचे असणं म्हणजे एका घरात सुखाने नांदणं नव्हे. त्या नद्यांत एंजल छोटे मासे खातोच. आपल्या पेटीत तो काही वेगळा वागत नाही. फक्त इथे निऑनला पळायला नदी नसते.

म्हणून मासा घेताना पहिला प्रश्न रंगाचा नसावा. ‘हा पूर्ण वाढला की केवढा होतो?’ हा असावा. दुकानात दिसतात ती पिल्लं असतात. ऑस्कर बोटाएवढा मिळतो आणि फूटभर होतो. ‘शार्क’ म्हणून जो चंदेरी, चपळ मासा वीस-तीस रुपयांत विकतात तो शार्क नव्हेच, तो पंगस. मोठा झाला की मीटरभर लांब होतो. हॉटेलात ‘बासा’ म्हणून जो बिनकाट्याचा मासा ताटात येतो तो बहुतेकदा हाच. दोन फुटी पेटीत त्याची जोडी सोडणं म्हणजे पाळण्यात बैल बांधणं.

आता हा दोन फुटी पेटीचा हिशेब आधी मांडून घेऊ, कारण पुढचं सगळं त्यावर आहे. दोन फूट लांब, एक फूट रुंद, एक फूट उंच, म्हणजे दोन घनफूट. साधारण छप्पन्न लिटर. त्यातून खडी, दगड आणि वरची मोकळी जागा वजा केली की पाणी उरतं पंचेचाळीस-पन्नास लिटर. घागरीच्या भाषेत तीन-चार घागरी. तेवढ्यात किती जिवांनी जेवायचं, श्वास घ्यायचा आणि घाण करायची, याचा विचार कापड निवडल्यासारखा करून चालत नाही.

आकार जुळला तरी स्वभाव राहतोच. टायगर बार्ब घ्या. सुमात्राकडचा, पिवळ्या अंगावर काळे पट्टे, देखणा. पण वाहत्या शेपट्या दिसल्या की त्याला राहवत नाही. एंजलचे लांब पंख, गप्पीची शेपटी, फायटरचा झगा, जे लोंबेल ते तो कुरतडतो. गंमत अशी की दोन-तीनच आणले तर तो जास्त द्वाड होतो. आठ-दहा आणले तर त्यांचा सारा वेळ आपापसांतला मानपान ठरवण्यात जातो आणि शेजारी बरेचसे वाचतात. निऑन, झेब्रा, तळाशी फिरणारे कोरिडोरास, हे सगळे झुंडीत राहणारे. ‘प्रत्येकी एक-एक द्या’ हे आपल्याकडचं आवडतं वाक्य आहे, आणि झुंडीतल्या माशाला त्याहून मोठी शिक्षा नाही. एकटा निऑन रोपाच्या मागे दडून बसतो, रंग उतरतो, खाणं सोडतो. पाच जातींचा एकेक मासा घेण्यापेक्षा एका जातीचे सहा घ्या.

फायटरचं उलट. तो थायलंडचा; तिथल्या सरकारने २०१९ मध्ये त्याला राष्ट्रीय जलचर ठरवलं. दोन नर एका पेटीत ठेवता येत नाहीत हे पोरांनाही माहीत असतं. पण आरसा दाखवला तरी तो गलफडं फुगवून स्वतःवरच धावून जातो, हे पाहिलं की कळतं की लांब शेपटीचा रंगीत गप्पी त्याला दुसरा फायटर का वाटतो. तो पाण्याच्या वर येऊन थेट हवा घेऊ शकतो. त्याच एका गुणापायी दुकानांतून त्याला चहाच्या ग्लासात ठेवतात. हवा घेता येते म्हणून ग्लास पुरतो, हा निष्कर्ष माणसाचा. माशाला कोणी विचारलेलं नाही. त्याला एकट्याला दहा-पंधरा लिटरची खोली द्या, तो सुखात राहील.

ही सामाईक पेटी, दुकानदार जिला ‘कम्युनिटी टँक’ म्हणतात, ती पाहून मित्र मला म्हणतात, ‘तुम्ही कवी, त्यातून मुसलमान आणि मराठीत लिहिणारे, या पेटीवर एकोप्याची कविता कशी नाही लिहिलीत?’ नाही लिहिली, आणि लिहिणार नाही. माशांत एकोपा नसतो. एंजलला समजावून सांगता येत नाही, शाळेत घालता येत नाही, त्याच्यापुढे भाषण करता येत नाही. पेटीतली शांतता माशांच्या समजूतदारपणातून येत नाही. बाहेर उभ्या असलेल्या माणसाने कोणाला आत घेतलं आणि कोणाला घेतलं नाही, त्यातून येते. माणसांच्या वस्तीला ही उपमा लावायला मला भीती वाटते. तेव्हा मासे माशांपाशीच राहू देत.

आता पाण्याकडे येतो. पुस्तकं मऊ पाणी, जड पाणी असं लिहितात. मुंबईला डोंगरातल्या तलावांचं पाणी येतं, ते मऊ. आमच्याकडे, आणि मराठवाड्यातही, बोअरचं पाणी जड. बादलीवर आणि गिझरमध्ये पांढरा थर धरतो तो त्याचाच. निऑनचं मूळ घर म्हणजे पालापाचोळा कुजून चहासारखं झालेलं, अतिशय मऊ आणि आंबट पाणी. हल्ली बहुतेक निऑन माणसाने पैदास केलेले असतात, त्यामुळे ते मधल्या पाण्यात जगतात. पण खडखडीत बोअरच्या पाण्यात त्यांना आणून ‘टिकत का नाहीत’ म्हणून विचारण्यात अर्थ नाही. त्याच पाण्यात गप्पी, प्लॅटी, मॉली मजेत राहतात, कारण त्यांना जड पाणीच मानवतं. मी नवख्याला हेच सांगतो: आवडत्या माशासाठी पाणी बदलण्यापेक्षा नळाला येतं त्या पाण्याला आवडेल असा मासा आणा.

गप्पीची तर आपली जुनी ओळख. डासांच्या अळ्या खाण्यासाठी आरोग्य खातं विहिरींत, हौदांत सोडतं तो हाच. नाव गप्पांवरून आलेलं नाही. त्रिनिदाद बेटावरच्या गप्पी आडनावाच्या गृहस्थांनी तो लंडनला पाठवला, म्हणून १८६६ मध्ये त्यांचं नाव पडलं. अंडी घालत नाही, पिल्लं देतो, साधारण महिन्याला एक खेप. म्हणून एका नराला दोन-तीन माद्या असाव्यात, नाहीतर नर मादीचा पिच्छा पुरवून तिला दमवतात. किंवा नुसते नर ठेवावेत. एक जोडी आणून सहा महिने स्वस्थ बसलं तर पेटीत जत्रा भरते.

उष्णतेचंही पाहावं लागतं. गोल्डफिश थंड पाण्याचा. वीस अंशांच्या आसपास खूष. गप्पी, एंजल, गोरामी पंचवीस-सव्वीसचे. दोघांना एकत्र ठेवलं की एक कायम तापात किंवा दुसरा कायम थंडीत. सोलापूरच्या उन्हाळ्यात पेटीचं पाणीही तापतं, आणि तापलेल्या पाण्यात प्राणवायू कमी राहतो. खिडकीपासून पेटी दूर ठेवा, हवेचा पंप रात्रंदिवस चालू ठेवा, एप्रिल-मे महिन्यात नवे मासे आणू नका.

गोल्डफिशचा विषय निघालाच आहे तर एक गोष्ट बोलून टाकतो. घराच्या भरभराटीसाठी आठ सोनेरी आणि एक काळा असे नऊ मासे ठेवावेत, असा एक सल्ला फेंगशुईच्या नावाने घरोघर पोहोचला आहे. गोल्डफिश मोठा होणारा, भरपूर खाणारा आणि तितकीच घाण करणारा मासा. असे नऊ, दोन फुटी पेटीत, तेही पेटी आणली त्याच दिवशी! माशांच्या विष्ठेतून अमोनिया तयार होतो. तो जिरवणारे जिवाणू फिल्टरमध्ये, खडीवर वस्ती करायला तीन ते सहा आठवडे घेतात. आधी अमोनियाचं नायट्राइट होतं, तेही विषारीच. मग नायट्रेट, जे बऱ्यापैकी निरुपद्रवी असतं आणि पाणी बदलताना निघून जातं. ही साखळी बसण्याआधीच नऊ मासे आत आले की पाणी स्वच्छ दिसतं आणि मासे एकेक करून उलटे होतात.

आणि मग घरातलं कोणीतरी वडीलधारं म्हणतं, ‘आपल्यावरचं संकट होतं, माशाने अंगावर घेतलं.’ हे वाक्य मी हिंदूंच्या घरी ऐकलं आहे, आमच्या नातेवाइकांतही ऐकलं आहे. बोलणाऱ्याचं मन त्यात मऊच असतं, म्हणून मला वाद घालवत नाही. पण त्या वाक्याने एक होतं: मासा का मेला हे कोणी विचारत नाही. दुसऱ्या दिवशी नवा मासा त्याच पाण्यात येतो. संकट बाहेरून आलेलं नसतं. ते आतच असतं, आणि त्याला वासही येत नाही. दुकानात अमोनिया तपासायची छोटी बाटली मिळते. एका माशाच्या किमतीपेक्षा महाग आहे, पण नऊ माशांपेक्षा स्वस्त. पहिला महिना दोन-तीन काटक मासे, चिमूटभर खाणं, आणि पुढे दर आठवड्याला पाव हिस्सा पाणी बदलणं. पाणी दिवसाआड येणाऱ्या गावात हे जड जातं, मला माहीत आहे. ते काढलेलं पाणी कुंड्यांना घाला, मोगरा फुलतो.

मग दोन फुटी पेटीत घ्यावं तरी काय? जड पाणी असेल तर माझी निवड अशी: पाच नर गप्पी आणि सहा झेब्रा, बस. वरच्या आणि मधल्या थरात यांची पळापळ चालते. तळ रिकामा वाटत असेल आणि पाणी मध्यम असेल तर बारीक वाळू घालून महिन्या-दीड महिन्याने पाच-सहा कोरिडोरास. पण ते कचरा खाऊन जगतात असं समजू नका. त्यांना तळाला बुडणारं खाणं वेगळं द्यावं लागतं. मऊ पाणी असेल तर गप्पींच्या जागी आठ निऑन आणि एक छोटा गोरामी.

यातले झेब्रा आणि छोटा गोरामी आपल्याच देशातले आहेत. गंगेच्या खोऱ्यातल्या माशांवर फ्रान्सिस हॅमिल्टनने १८२२ मध्ये ग्रंथ छापला, त्यात दोघांची नोंद आहे. झेब्राचं शास्त्रीय कूळ ‘दानिओ’. बंगालीतल्या ‘धानी’वरून आलेलं, भाताच्या खाचरातला तो धानी. दक्षिणेकडचा ‘मिस केरळ’ तर आता ‘सह्याद्रिया’ या नावाच्या कुळात आहे. २०१३ मध्ये हे नाव दिलं गेलं. लाल-काळी रेघ ओढलेला हा मासा जगभर इतका विकला गेला की त्याच्या स्वतःच्या ओढ्यांत तो धोक्यात आला. त्याला चार फुटी पेटी, वाहतं गार पाणी आणि पाच-सहा सोबती लागतात. यातलं काही नसेल तर तो दुकानातच बघावा.

शेवटचा सकर. काचेला चिकटून शेवाळ खातो म्हणून प्रत्येक दुकानदार तो पिशवीत टाकतोच. दक्षिण अमेरिकेतला, चिलखती अंगाचा, वाढत वाढत फूट-दीड फुटाचा होतो. मग लोक त्याला दया म्हणून तळ्यात, नदीत नेऊन सोडतात. कोलकात्याच्या पाणथळींत आणि आंध्रच्या तलावांत तो माजला, आमच्या उजनीतही मच्छीमारांच्या जाळ्यात येऊ लागला. त्याच्या काट्यांनी जाळी फाटतात आणि बाजारात त्याला कोणी विचारत नाही. सोलापूर ज्या धरणाचं पाणी पितं तिथे ॲमेझॉनचा मासा कोणाच्या तरी दिवाणखान्यातून पोहोचला आहे. म्हणून मासा विकत घेतानाच दुकानदाराला विचारून ठेवा, मोठा झाला तर परत घेणार का? नाही म्हणाला तर तो मासा घेऊ नका. काचेवरचं शेवाळ जुन्या बँक कार्डाने खरवडलं तरी निघतं.