नाव एकाचे, व्यवहार दुसऱ्याचा

(समाजाच्या वार्षिक स्नेहसंमेलनात केलेले भाषण)



गुणवंत विद्यार्थ्यांच्या सत्कारानंतर हिशेबाचा रुक्ष विषय काढणे काहींना अप्रस्तुत वाटेल. तथापि ज्या मुलामुलींचे आज आपण कौतुक केले, त्यांपैकी कित्येकांना उद्या नागपूर-पुण्यास शिकण्यासाठी कर्ज काढावे लागेल. आणि त्या वेळी बँक प्रथम त्यांच्या व त्यांच्या पालकांच्या पतगुणांची, म्हणजे लोक ज्याला ‘सिबिल’ म्हणतात त्याची, चौकशी करील. सबब हा विषय आपल्या घरातलाच आहे.

पूर्वी आपल्याकडे पत ही एकट्या माणसाची नव्हे, तर घराण्याची मानली जाई. अमक्या घरचा मुलगा एवढे कळले की दुकानदार उधार देई. १९०४ साली सहकारी पतसंस्थांचा कायदा झाला, तेव्हा ग्रामीण संस्थांच्या सभासदांची जबाबदारी सामान्यतः अमर्याद ठेवली गेली; एकाने कर्ज बुडविले तर भार सर्वांवर येई. त्यामुळे शेजाऱ्यावर शेजाऱ्याचे लक्ष असे, आणि अडचणही सर्वांना ठाऊक असे.

आताची नोंद निराळी आहे. २००० साली सिबिल ही संस्था निघाली, २००५ साली पतमाहिती कंपन्यांचा कायदा झाला आणि आज अशा चार कंपन्या काम करतात. पतगुण ३०० ते ९०० यांच्या दरम्यान असतात. ही नोंद घराची नसून व्यक्तीची असते. पती-पत्नींचेही पतगुण वेगवेगळे असतात. चुलता कोण आणि पुतण्या कोण, हे त्या वहीला कळत नाही. आपल्या मनातील पत मात्र अजून घराची आहे, आणि नेमकी येथेच फसगत होते.

क्रेडिट कार्डाचेच उदाहरण घ्या. मुख्य धारकाच्या खात्यावर घरातील दुसऱ्यास पुरवणी कार्ड मिळते. रिझर्व्ह बँकेच्या निर्देशांनुसार अशा कार्डाच्या देण्याची जबाबदारी मुख्य धारकाचीच राहते. दुसरा प्रकार अधिक घातक आहे. पुतण्याने सणासुदीच्या सवलतीत मोबाइल घ्यावयाचा म्हणून काकांचे कार्ड मागावे, आणि काकांनी कार्डाचा क्रमांक व ओटीपीही सांगून टाकावा! कार्ड असे दुसऱ्याच्या हाती देणे बँकेच्या अटींच्या विरुद्ध आहे. फसवणूक झाल्यास तक्रारीची बाजूही लंगडी पडते.

समजा, कार्डाची मर्यादा ५०,००० रुपये आहे. काकांचा स्वतःचा खर्च १०,००० आणि पुतण्याचा मोबाइल ३२,००० रुपयांचा. म्हणजे मर्यादेचा ८४ टक्के भाग वापरला गेला. हा वापर ३० टक्क्यांच्या आत असावा, असे जाणकार सांगतात. तो वाढला की हप्ता न चुकताही पतगुण उतरू शकतात. बिल थकले तर दरमहा साडेतीन टक्क्यांच्या आसपास व्याज, म्हणजे वर्षाचे ४२ टक्के! आपल्याकडे पुष्कळांचे पैसे धानाचे चुकारे मिळाल्यावरच हाती येतात. “चुकारे आले की देतो,” हे पुतण्याचे म्हणणे खरेही असेल. पण बिलाची तारीख चुकाऱ्यांसाठी थांबत नाही. तीन दिवसांहून अधिक उशीर झाला की बँक खाते थकीत म्हणून कळवू शकते, आणि ती नोंद काकांच्या नावावर बसते.

आता दुसरी बाजू पाहा. पुतण्याने प्रत्येक पैसा वेळेवर फेडला, तरी त्या प्रामाणिकपणाचे श्रेय त्याच्या नोंदीत येत नाही. पुरवणी कार्ड वापरणाऱ्या गृहिणीचीही बव्हंशी हीच गत होते. पतीच्या खात्यावर वर्षानुवर्षे चोख व्यवहार केला, परंतु दुर्दैवाने पतीचे निधन होऊन मूळ खाते बंद झाले की तिचे कार्डही जाते; आणि कर्ज मागावयास गेल्यावर तिच्या नावे सांगण्यासारखे फारसे काही नसते. भगिनींनी याचा अवश्य विचार करावा. मुदत ठेवीवर मिळणारे लहान मर्यादेचे कार्ड किंवा बचत गटातील नियमित परतफेड यांतून आपल्या नावाची नोंद हळूहळू उभी राहते.

जामिनाचीही गोष्ट अशीच आहे. १८७२ च्या करार कायद्याच्या १२८ व्या कलमानुसार, करारात वेगळे ठरले नसेल तर, जामीनदाराची जबाबदारी मूळ ऋणकोइतकीच असते. ते कर्ज जामीनदाराच्या पत-अहवालातही दिसते. शैक्षणिक कर्जात वडील सहकर्जदार असतात. मुलाचे हप्ते थकले तर दोघांचेही पतगुण घसरतात. म्हणून नोकरी लागताच मुलाने पहिला हप्ता कधी आहे, हे वडिलांसमक्ष विचारून घ्यावे.

याचा अर्थ एकमेकांस मदत करू नये, असा मुळीच नाही. परस्परसाहाय्यावरच आपला समाज उभा राहिला आहे. माझे सांगणे इतकेच, की शक्य असेल तर पैसे द्यावेत, नाव देऊ नये. दहा हजार देता येत असतील तर ते मोजून द्यावेत. बुडाले तर दहा हजारच बुडतील. नाव दिले तर तोटा किती, हे आपल्या हाती राहत नाही. कुटुंबात पुरवणी कार्ड द्यावयाचेच असेल, तर त्यावर वेगळी मर्यादा घालून घ्यावी आणि दरमहाचे बिल दोघांनी मिळून वाचावे.

प्रत्येक पतमाहिती कंपनीकडून वर्षातून एकदा आपला संपूर्ण अहवाल विनामूल्य मिळतो. तो मागवावा. आपण न घेतलेले कर्ज त्यात दिसल्यास लेखी तक्रार करावी. ३० दिवसांत तिचा निकाल न लागल्यास दररोज १०० रुपये भरपाई देण्याचा नियम २०२४ पासून लागू आहे. जानेवारी २०२५ पासून बँका पंधरवड्याने किंवा त्याहूनही लवकर माहिती कळवितात. तेव्हा चूक जशी लवकर उमटते, तशी सुधारणाही लवकर दिसते.

आपल्या वाडवडिलांनी शब्द पाळून पत मिळविली. आता तो शब्द प्रत्येकाने आपापल्या नावाने पाळावयाचा आहे. नातलगाने कार्ड मागितले आणि आपण प्रेमाने ‘नाही’ म्हटले, तर त्याने राग मानू नये. आणि मागण्यापूर्वी आपण कोणाचे काय पणाला लावीत आहोत, याचा त्याने क्षणभर विचार करावा. एवढी रीत जरी समाजात पडली, तरी पुष्कळ घरांतील अबोला टळेल.