पहिल्या क्रमांकाच्या शहरातील लहान शाळा

(चंडीगढ येथील शिक्षणविषयक चर्चेत केलेल्या भाषणाचा मजकूर)



शालेय शिक्षणात चंडीगढ देशात आघाडीवर आहे, असे सरकारी कागद सांगतात. केंद्रीय शिक्षण मंत्रालयाच्या २०२३-२४ च्या कामगिरी श्रेणी निर्देशांकात चंडीगढला १००० पैकी ७०३ गुण मिळाले आणि सर्व राज्ये व केंद्रशासित प्रदेश यांच्यात ते पहिले आले. ४ डिसेंबर २०२४ रोजी ‘परख’ या केंद्राने तिसरी, सहावी व नववीच्या मुलांची देशव्यापी चाचणी घेतली. तिच्यातही पंजाब, केरळ व हिमाचल प्रदेश यांच्याबरोबर चंडीगढची गणना पुढच्या रांगेत झाली. या यशामागे हजारो मुलांचे व शिक्षकांचे श्रम आहेत. ते खोटे ठरविण्याचे कोणाला कारण नाही.

परंतु हा पहिला क्रमांक नेमका कोणाचा, हा प्रश्न विचारलाच पाहिजे. शहराच्या कडेला, पुनर्वसन वसाहतीला लागून, सहावी ते आठवीची सत्तर-ऐंशी मुले असलेली सरकारी मिडल स्कूल असते. तीच प्रश्नपत्रिका, तीच उत्तरपत्रिका आणि तीच वेळ घेऊन चाचणी तिच्या दारात येते, तेव्हा ती काय मोजते? मुलाचे ज्ञान मोजते, शिक्षकाचे काम मोजते, की बापाला मिळणारी रोजंदारी आणि राहत्या घराची शाश्वती मोजते? आजच्या चर्चेचा विषय एवढाच आहे.

सरासरीच्या आड काय दडते

प्रथम क्रमांकाची वस्तुस्थिती पाहू. चंडीगढ हा ११४ चौरस किलोमीटरचा, एकाच जिल्ह्याचा प्रदेश आहे. २०११ च्या जनगणनेत त्याची लोकसंख्या १०,५५,४५० होती. उत्तर प्रदेशात ७५ जिल्हे आहेत. एका नियोजित शहराची ७५ जिल्ह्यांच्या राज्याशी एकाच तक्त्यात तुलना करावयाची आणि वरच्याला शाबासकी, खालच्याला बोल द्यावयाचे, ही पद्धत शास्त्रीय म्हणता येणार नाही. शिवाय ज्या ७०३ गुणांवर पहिला क्रमांक मिळाला, ते ‘प्रचेष्टा-१’ या श्रेणीत बसतात. त्या श्रेणीच्या वर आणखी चार श्रेणी आहेत आणि त्या चारही रिकाम्या राहिल्या. शिक्षणाची निष्पत्ती म्हणजे मुलांना प्रत्यक्ष काय येते, यासाठी या निर्देशांकात १००० पैकी २४० गुण राखून ठेवलेले आहेत. बाकीचे गुण प्रवेश, इमारती, समता, प्रशासन व शिक्षक-प्रशिक्षण यांचे आहेत. वर्गातला पहिला मुलगा अजून बऱ्याच पायऱ्या खाली उभा आहे, असाच याचा अर्थ होतो.

देशाचे चित्र तर अधिकच गंभीर आहे. २०२४ च्या त्याच चाचणीत सहावीच्या मुलांची गणितातील देशाची सरासरी ४६ टक्के आणि नववीची ३७ टक्के निघाली. वर्ग चढत जातो तसा मुलगा मागे पडत जातो, हे हे आकडे सांगतात. ही घसरण नेमकी मिडल स्कूलच्या तीन वर्षांत घडते. म्हणून लहान मिडल स्कूलचा प्रश्न हा शिक्षणव्यवस्थेच्या मर्मस्थानाचा प्रश्न आहे.

थोड्या मुलांच्या शाळेचे गणित

आता शाळेकडे वळू. समजा, सातवीच्या वर्गात २५ मुले आहेत आणि त्यांची सरासरी ६० गुण आहे. वर्षाच्या मध्यात ८० गुण मिळविणारी तीन मुले वस्ती सोडून गेली. त्यांच्या जागी दुसऱ्या राज्यातून, अर्धवट शिक्षण झालेली तीन मुले आली आणि त्यांना प्रत्येकी २० गुण मिळाले. वर्गाची सरासरी एकदम ५२.८ वर उतरेल. शिक्षक तेच, शिकविणे तेच, उरलेली २२ मुले तीच, आणि तरीही सात गुणांची घसरण! हाच बदल १०० मुलांच्या तुकडीत झाला असता, तर सरासरी दोन गुणांनीही हलली नसती. पुढच्या वर्षी उलटे घडले, तर हीच शाळा ‘उल्लेखनीय प्रगती’ केलेली म्हणून गौरविली जाईल. तो गौरवही तितकाच पोकळ असेल.

राष्ट्रीय चाचण्या आखणाऱ्या तज्ज्ञांना हे ठाऊक आहे. म्हणूनच या चाचण्या नमुना पद्धतीने घेतल्या जातात. काही शाळा निवडावयाच्या, प्रत्येक इयत्तेतील मर्यादित मुले निवडावयाची आणि निष्कर्ष जिल्ह्याचा व राज्याचा काढावयाचा, अशी ती रचना आहे. एका शाळेचा किंवा एका मुलाचा निवाडा करण्यासाठी ते साधन बनविलेलेच नाही. पण साधन एका हेतूने बनते आणि नोकरशाहीच्या हाती पडल्यावर त्याचा वापर दुसऱ्याच हेतूने होतो. जिल्ह्याचा क्रमांक टिकवायचा म्हणून शाळांवर सराव चाचण्यांचा भार पडतो आणि ज्या लहान शाळेत माणसेच कमी, तिथे तो सर्वाधिक जाचतो.

माणसे कमी का, याचे उत्तर कायद्यातच आहे. २००९ च्या शिक्षणहक्क कायद्याच्या परिशिष्टानुसार सहावी ते आठवीच्या वर्गांना विज्ञान-गणित, सामाजिक शास्त्रे व भाषा यांसाठी किमान एकेक शिक्षक आणि ३५ मुलांमागे एक शिक्षक असला पाहिजे. पूर्णवेळ मुख्याध्यापक आणि कला, आरोग्य-व्यायाम व कार्यानुभव यांचे अंशकालीन शिक्षक मात्र पटसंख्या १०० च्या वर असेल तरच मिळतात. म्हणजे सत्तर-ऐंशी मुलांच्या शाळेला स्वतंत्र मुख्याध्यापकाचा हक्कच नाही. गणित शिकविणाऱ्या शिक्षकानेच पोषण आहाराचा हिशेब ठेवावा, दाखले द्यावेत आणि वरून आलेल्या तक्त्यांची पूर्तता करावी, आणि त्याच शाळेच्या गुणांची तुलना मात्र मोठ्या ‘मॉडेल’ शाळेशी व्हावी, असा हा न्याय आहे.

वस्ती हलते तेव्हा

मुले वर्षाच्या मध्यात जातात-येतात का, हा प्रश्न चंडीगढच्या इतिहासापासून वेगळा काढता येत नाही. १९५० च्या दशकात ल कॉर्बुझिए यांच्या आराखड्यानुसार हे शहर उभे राहिले. सेक्टर आखले गेले, प्रत्येक सेक्टरला शाळा, बाजार व हिरवळ यांची जागा ठरली. ज्या मजुरांनी विटा वाहिल्या व काँक्रीट ओतले, त्यांना मात्र त्या आराखड्यात घर नव्हते. ते कामाच्या ठिकाणाजवळ झोपड्या घालून राहिले आणि त्या झोपड्या पुढे ‘बेकायदा’ ठरल्या. आजही सुतार, रंगारी, रिक्षाचालक, घरकाम करणाऱ्या स्त्रिया व कारखान्यांतील हंगामी कामगार यांची मोठी संख्या उत्तर प्रदेश व बिहारमधून येते. त्यांच्या श्रमावाचून शहर एक दिवस चालणार नाही.

१ मे २०२२ रोजी, आंतरराष्ट्रीय कामगार दिनी, औद्योगिक क्षेत्रातील कॉलनी क्रमांक ४ प्रशासनाने जमीनदोस्त केली. पात्र ठरलेल्या काही कुटुंबांना शहराच्या दुसऱ्या टोकाला, मलोया येथे घरे देण्यात आली. इतरांनी वाट फुटेल तिकडे आसरा शोधला. वस्ती पाडताना प्रशासनाकडे जमिनीचा नकाशा असतो, पात्र-अपात्रांची यादी असते. त्या घरांतील किती मुले कोणत्या शाळेत, कोणत्या इयत्तेत आहेत, याची यादी या कामात सर्वांत आधी हवी. मूल नव्या शाळेत पोहोचेपर्यंत अपूर्णांक शिकवून झालेले असतात, आणि अपूर्णांक सुटले की पुढचे बीजगणितही सुटते. मग चाचणीच्या कागदावर जे रिकामे वर्तुळ दिसते, त्याचा दोष त्या मुलाच्या बुद्धीवर लावावयाचा काय?

त्यात भाषेची अडचण आहे. घरात भोजपुरी किंवा अवधी, गल्लीत पंजाबी, पाठ्यपुस्तकात संस्कृतप्रचुर हिंदी किंवा इंग्रजी अशा तीन-चार थरांतून या मुलाला प्रश्नापर्यंत जावे लागते. गणिताचा शाब्दिक प्रश्न चुकला, तर गणित चुकले की भाषा अडली, हे पर्यायी उत्तरांच्या कागदावरून कळत नाही. शेजारी बसून विचारणाऱ्या शिक्षकाला ते कळते. पण त्या शिक्षकालाच वेळ नाही.

जोतीरावांनी दिलेला इशारा

गुणांवरून शाळेची किंमत ठरविण्याची कल्पना नवी नाही. इंग्लंडमध्ये १८६२ च्या सुधारित संहितेने शाळांचे अनुदान मुलांच्या वाचन, लेखन व अंकगणिताच्या परीक्षेला बांधले. निरीक्षक येणार म्हणून मुलांकडून तेवढेच घोकून घेण्याची रीत तिथे पडली आणि त्या शतकाच्या अखेरच्या दशकात ती पद्धत मोडीत काढावी लागली. मुंबई इलाख्यातही निकालाप्रमाणे अनुदान देण्याचा प्रघात होता.

१८८२ साली हंटर आयोगापुढे जोतीराव फुले यांनी निवेदन सादर केले. सरकारी महसूल शेतकऱ्याच्या घामातून येतो आणि शिक्षणावरचा खर्च मात्र वरच्या वर्गांवर होतो, हा त्यांचा मुख्य आरोप सर्वांना माहीत आहे. प्राथमिक शिक्षण बाराव्या वर्षापर्यंत सक्तीचे करावे, ही त्यांची मागणीही माहीत आहे. त्याच निवेदनातील आणखी एक मुद्दा मात्र क्वचितच आठवला जातो. निकालानुसार मोबदला देण्याची पद्धत गरीब व शिक्षणापासून दूर ठेवलेल्या जनतेत शिक्षणाचा प्रसार करण्यास मुळीच योग्य नाही, असे त्यांनी आयोगाला स्पष्ट सांगितले. अशा वस्तीत स्वतःच्या जबाबदारीवर शाळा काढून कोणी शिक्षक पोट भरू शकणार नाही, तिथे सरकारनेच शाळा चालविली पाहिजे व खास उत्तेजन दिले पाहिजे, असा त्यांचा युक्तिवाद होता. जिथे अडचण जास्त तिथे साह्य जास्त, हे तत्त्व त्यांनी मांडले. आजच्या क्रमवारीचे तत्त्व नेमके उलटे आहे. त्यात जिथे गुण जास्त तिथे कौतुक जास्त असते.

चाचणी कोणासाठी?

काही कार्यकर्ते यावरून असा निष्कर्ष काढतात की, चाचण्या मुळातच बंद कराव्यात. तो निष्कर्ष चुकीचा आहे. चाचणी नसेल, तर कामगाराच्या मुलाला आठवी होऊनही वाचता येत नाही ही गोष्ट झाकलेली राहील. सुखवस्तू घरचा मुलगा शिकवणीच्या जोरावर पुढे जाईलच. अंगणवाडीत मुलाचे वजन घेतात ते कमी वजनाच्या मुलाला जास्त आहार मिळावा म्हणून. वजन कमी भरले म्हणून कोणी मुलाला उपाशी ठेवत नाही. शाळेतील चाचणीला हाच न्याय लागू झाला पाहिजे.

धोका कल्पनेतला नाही. डिसेंबर २०२४ मध्ये केंद्र सरकारने नियम बदलून पाचवी व आठवीत नापास झालेल्या मुलाला, दोन महिन्यांत फेरपरीक्षेची संधी देऊन, त्याच वर्गात ठेवण्याची तरतूद केली. विधानसभा नसलेल्या केंद्रशासित प्रदेशांच्या शाळाही या नियमाच्या कक्षेत येतात. मुलाला शाळेतून काढता येणार नाही, असे नियमात म्हटले आहे. पण १४ वर्षे पुरी झालेल्या मुलाला धोक्याचा नसलेल्या कामावर ठेवण्यास २०१६ चा बालकामगार कायदा मनाई करीत नाही. आठवीत अडकलेला, चौदा ओलांडलेला मजुराचा मुलगा पुन्हा त्याच बाकावर बसेल, की ढाब्यावर वा गॅरेजमध्ये जाईल? शाळेतून त्याला कोणी काढणार नाही, दारिद्र्यच ते काम करील. एका गुणपत्रिकेवर एका आयुष्याची दिशा टांगलेली आहे, ती अशी.

म्हणून पालक-शिक्षक व कामगार संघटनांनी काही निश्चित मागण्या धरल्या पाहिजेत. लहान शाळेचा निकाल एका वर्षावरून जोखू नये. तीन वर्षांची सरासरी धरावी आणि वर्षाच्या मध्यात आलेल्या मुलांची नोंद वेगळी ठेवावी. मूल कुठे होते आणि कुठे पोहोचले, ही प्रगती मोजावी. कोणता प्रश्न किती मुलांना अडला, ही माहिती त्याच सत्रात शिक्षकाच्या हाती पडावी. शंभराच्या आतील पटाच्या शाळेलाही मुख्याध्यापक मिळावा. वस्ती हलविण्यापूर्वी तेथील प्रत्येक मुलाचा पुढील शाळाप्रवेश लेखी निश्चित व्हावा. आठवीत मागे पडलेल्या मुलाला फेरपरीक्षेची तारीख कळवून सरकारने हात झटकू नयेत, त्याला जादा शिकवणी सरकारी खर्चाने मिळावी.

महाराष्ट्रातील वाचकांनाही हा प्रश्न परका नाही. २० पेक्षा कमी पटाच्या १४ हजारांहून अधिक शाळा ‘समूह शाळां’त विलीन करण्याचा विचार २०२३ मध्ये तिथे पुढे आला, तेव्हाही लहान शाळा हा खर्चाचा भार मानला गेला. चंडीगढची वसाहत असो वा सह्याद्रीतील पाडा, शाळेचा पट लहान असला तरी तिथल्या मुलाचा हक्क लहान होत नाही.

चंडीगढचा पहिला क्रमांक खरा ठरावा, अशीच सर्वांची इच्छा असली पाहिजे. ज्या दिवशी मलोयाच्या वर्गात उशिरा आलेल्या मुलीला अपूर्णांक पुन्हा शिकविण्यासाठी शिक्षकाजवळ वेळ असेल आणि ते त्याचे काम म्हणून हिशेबात धरले जाईल, त्या दिवशी तो क्रमांक त्या मुलीचाही होईल.