धावफलकाबाहेरचा खेळाडू

काशीत क्रिकेटच्या जुन्या दिवसांचा विषय निघाला की विजयनगरमचे महाराजकुमार, म्हणजे विझी, यांचे नाव येणे स्वाभाविक आहे. १९३६ साली इंग्लंडच्या दौऱ्यात त्यांनी भारताचे नेतृत्व केले. १९६५ साली याच नगरीत त्यांचे निधन झाले. तीन कसोट्यांत त्यांच्या धावा अवघ्या ३३. पण राजपुत्राच्या चरित्रकाराला साधनांचा तोटा सहसा पडत नाही. त्यांच्या आधीच्या पिढीतील पालवणकर बाळू यांच्या चरित्रकाराचे तसे नाही.

बाळूंचा जन्म १८७६ साली धारवाडचा. जात चांभार, वडील लष्करात चाकरीला. पुण्यातील गोऱ्यांच्या जिमखान्यात दरमहा चार रुपयांवर खेळपट्टीची निगा राखणारा हा मुलगा साहेबांना सरावासाठी डावखुरी फिरकी टाकू लागला. आपण बाद झालो की कॅप्टन ग्रेग त्याला आठ आणे देत, अशी आख्यायिका आहे. चरित्रकाराने ती जरूर सांगावी, पण आख्यायिका म्हणूनच. तिच्याहून बोलके आहे ते दुसरे: तासन् तास गोलंदाजी करवून घेणाऱ्या त्या साहेबांनी बाळूंच्या हाती बॅट कधी दिली नाही.

पुढे पुण्याच्या हिंदू संघाला हा गोलंदाज हवासा झाला. मैदानात सवर्ण खेळाडू त्याच चेंडूला हात लावीत; चहाच्या वेळी मात्र बाळूंना बाहेर, मातीच्या भांड्यात चहा मिळे. धावफलकावर याची नोंद नसते, आणि चरित्राचे खरे काम येथेच सुरू होते. १९०६ साली मुंबईत हिंदूंनी युरोपियनांना १०९ धावांनी हरविले, १९११ च्या इंग्लंड दौऱ्यात बाळूंनी ११४ बळी घेतले, हे वर्तमानपत्रांच्या जुन्या फायलींतून काढता येते. माणूस शोधायचा तर धाकटे बंधू विठ्ठल यांच्या 'माझे क्रीडा-जीवन' (१९४८) या मराठी आत्मकथनाकडे वळावे लागते. भावाची साक्ष ही मायेची साक्ष असते, एवढे भान ठेवले म्हणजे झाले.

रामचंद्र गुहा यांनी २००२ साली प्रसिद्ध झालेल्या आपल्या इंग्रजी ग्रंथात हे दोन्ही धागे जुळविले, तेव्हा कोठे बाळू पुन्हा लोकांसमोर आले. हिंदू संघाचे रीतसर कर्णधारपद त्यांना मिळाले नाही. १९२० साली या अन्यायापायी बंधूंनी संघातून अंग काढून घेतले होते. १९२३ मध्ये विठ्ठल कर्णधार झाले.

विस्मृतीचे एक कारण मात्र क्रिकेटबाहेरचे आहे, आणि चरित्रकाराला ते टाळता येत नाही. इंग्लंडहून परतलेल्या बाळूंचा अस्पृश्य समाजाने गौरव केला, तरुण आंबेडकरांनाही त्यांचा अभिमान होता. पण १९३२ च्या वादात बाळू संयुक्त मतदारसंघांच्या बाजूने उभे राहिले, आणि १९३७ साली मुंबई विधानसभेसाठी काँग्रेसचे उमेदवार म्हणून थेट आंबेडकरांविरुद्ध लढले. आंबेडकरांना १३,२४५ मते, बाळूंना ११,२२५. विजेत्याच्या अनुयायांना हा खेळाडू आपला वाटेना. काँग्रेसला पराभूत उमेदवाराची आठवण ठेवण्याचे प्रयोजन उरले नाही. क्रिकेटचा इतिहास लिहिणाऱ्यांनी त्यांना आकडेवारीच्या एका ओळीत बसविले: प्रथम श्रेणीत १७९ बळी, सरासरी पंधरा. ४ जुलै १९५५ रोजी मुंबईत त्यांचे देहावसान झाले.