दोन मिनिटं आणि एक मागणी

आज बचतीचा हिशेब बाजूला ठेवू आणि बोलण्याविषयी बोलू.

गटाच्या बैठकीत आपण मोकळ्या असतो. हप्ता कुणाचा राहिला, कर्ज आधी कुणाला द्यायचं, यावर तासभर वाद घालतो. ग्रामसभेत मात्र त्याच बायका भिंतीकडेला बसून पदर सारखा करत राहतात. विचारलं की म्हणतात, "मला नाही बाई बोलता येत." आणि लग्नात नाव घ्यायची वेळ आली की उभ्या उभ्या यमक जुळवून उखाणा तयार!

बोलण्याची सवय लावण्यासाठी शहरांत क्लब असतात. त्यात टोस्टमास्टर्सचं नाव जगभर आहे. अमेरिकेत कॅलिफोर्नियातल्या सांता आना इथं राल्फ स्मेडली यांनी १९२४ साली त्याचा पहिला क्लब काढला. बायकांना सभासद करून घ्यायला मात्र १९७३ साल उजाडलं. बोलायला शिकवणाऱ्यांच्या दारातही आपण जवळजवळ पन्नास वर्षं बाहेरच उभ्या होतो, बघा.

तिथं गुरुजी नसतात. सभासदच आळीपाळीनं भाषण करतात आणि बाकीच्यांना कामं वाटलेली असतात. एक जण घड्याळ धरतो, वेळ भरत आली की हिरवी, पिवळी, मग लाल खूण दाखवतो. एक जण "अं, अं" किती वेळा झालं ते मोजतो. एक जण भाषण नीट ऐकून काय जमलं आणि काय सुधारायचं ते सांगतो. शिवाय अचानक विषय देऊन मिनिट-दोन मिनिटं बोलायला लावतात. आपल्या उखाण्याचंच हे भावंड म्हणायचं.

यातलं आम्ही थोडंच घेतलं. महिन्यातल्या एका बैठकीत वसुली आणि वह्या झाल्या की अर्धा तास सरावाचा. चौघी बोलतात, प्रत्येकीला दोन मिनिटं, उभं राहूनच. एक जण मोबाइलवर वेळ लावते आणि शेवटचं अर्धं मिनिट उरलं की हात वर करते. "अं, अं" मोजायचं मात्र घेतलं नाही. बाई आधीच घाबरलेली, त्यात कुणी तिचे अडखळे मोजत बसलं तर ती पुढच्या वेळी बैठकीलाच येणार नाही.

खरं काम ऐकणारीचं. "छान बोललीस गं" एवढं चालत नाही. तुझ्या बोलण्यातलं मला काय कळलं आणि काय कळलं नाही, हे तिनं सांगायचं.

आमच्या एका ताई वरच्या वस्तीतल्या. त्यांच्याकडं पाणी चढतच नाही. सरावात त्या उभ्या राहिल्या आणि सगळं सांगू लागल्या: सासूबाईंचे गुडघे, पोरीची शाळा बुडते, मागच्या उन्हाळ्यातला टँकर, शेजारणीशी झालेलं भांडण. दोन मिनिटं संपली. ऐकणारी म्हणाली, "अक्का, त्रास सगळा कळला. पण ग्रामसेवकांनी उद्या सकाळी नेमकं काय करायचं?" ताई गप्प. मग थोडा विचार करून म्हणाल्या, "खालच्या आळीच्या लाइनीला व्हॉल्व्ह बसवायचा. तिथली भांडी भरली की तो बंद करायचा, म्हणजे पाणी वर चढेल." सगळ्या म्हणाल्या, आता हेच पहिल्यांदा बोल. गुडघे आणि शाळा त्याच्यामागून येऊ देत.

ग्रामसभेआधी महिलांची सभा घ्यायची, ही कायद्यातलीच तरतूद आहे. कागदावर उरकू देऊ नका, तिथं जाऊन बसा. ताईंनी मागणी आधी तिथं मांडली, दहा-बारा जणींनी दुजोरा दिला. मग त्या ग्रामसभेत उभ्या राहिल्या. मागून कुणीतरी म्हणालं, "वहिनी, झालं की, बसा आता." ताई म्हणाल्या, "माझं अर्धं मिनिट राहिलंय." सभेत हसू फुटलं, पण त्या बसल्या नाहीत. शेवटी म्हणाल्या, "हे इतिवृत्तात लिहा आणि लिहिलेलं वाचून दाखवा." हे वाक्य आम्ही सगळ्यांनी पाठ केलंय, तुम्हीही करा. नुसतं बोललेलं वाऱ्यावर जातं. लिहिलेलं असलं की पुढच्या सभेत त्याचा जाब विचारता येतो.

व्हॉल्व्ह अजून बसलेला नाही. येत्या ग्रामसभेत ताई पुन्हा उभ्या राहणार आहेत, इतिवृत्तातली ती ओळ कागदावर उतरवून घेऊन. त्यांचा सराव या सोमवारी आहे, आणि या वेळी घड्याळ धरायला त्यांच्या सासूबाई येणार आहेत.